झुकतं माप

खोलीतल्या हवेत पीएम २.५ कणांचं प्रमाण घनमीटरमागे ५८ मायक्रोग्रॅम आहे. समोर एअर प्युरिफायर चालू आहे आणि त्यावर एक छोटा दिवा आहे, जो हव्या त्या रंगात लागू शकतो. आत्ता तो कुठल्या रंगात लागायला हवा?

आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकात ३१ ते ६० हा टप्पा ‘समाधानकारक’ म्हणून येतो आणि त्याला फिका हिरवा रंग दिलेला आहे. अमेरिकेच्या कोष्टकात ५५.५ पासून हवा सगळ्यांनाच अपायकारक ठरते आणि रंग लाल होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली पातळी १५ आहे. या खोलीतला आकडा तिच्या जवळजवळ चौपट आहे. खोली एक, आकडा एक, त्या खोलीत झोपलेलं मूल एक. दिवा हिरवा की लाल, हे मात्र कोडमध्ये कुठलं कोष्टक घेतलं त्यावर ठरतं. ती ओळ लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. म्हणून हा प्रश्न मी स्वतःलाच विचारायला हवा.

राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक १७ ऑक्टोबर २०१४ रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी दिल्लीत जाहीर केला. एक अंक, एक रंग, एक वर्णन असं त्याचं सूत्र होतं, आणि ते मला आजही मोलाचं वाटतं. आठ प्रदूषक, त्यांची वेगवेगळी प्रमाणं, त्यांच्या सरासऱ्या हे सगळं सामान्य माणसाने डोक्यात ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही. रंग मात्र लहान पोरालाही कळतो. पुढे हेच सूत्र घरातल्या यंत्रांनी उचललं. ज्या स्वस्त यंत्रांना पडदा नाही, त्यांच्यावर अंक गेला, वर्णनही गेलं, आणि फक्त रंग उरला. तिथे घरच्या माणसाला हवेबद्दल जे काही कळतं ते माझ्या दिव्यातूनच.

मी नोएडात काम करते आणि गाझियाबादला वैशालीत राहते. या पट्ट्यात चिपचं आणि यंत्रांच्या आतल्या सॉफ्टवेअरचं काम खूप चालतं. ग्रेटर नोएडात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आहे, नोएडात एनएक्सपी आणि केडन्स आहेत, दुसऱ्यांच्या नावाने माल तयार करून देणारी डिक्सनही इथलीच. मी यांपैकी कुठेही नाही. आमची कंपनी लहान आहे, इतरांच्या यंत्रांसाठी फर्मवेअर लिहून देते. तिथे एलईडीचं काम हलकं समजलं जातं. नव्याने लागलेल्या मुलामुलींना आधी दिवाच देतात, मोटर आणि सेन्सर अनुभवी माणसांकडे जातात. मी अनुभवी झाल्यावरही दिवा मागून घेतला. यंत्राच्या आत कितीही हुशारी असली तरी माणसाशी बोलतो तो दिवा, हे मला फार लवकर जाणवलं होतं.

बहुरंगी एलईडी म्हणजे एका बारीक घरात शेजारी शेजारी बसवलेले तीन दिवे: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकाची वीज अतिशय वेगाने चालू-बंद करत राहायची आणि चालूचा वाटा कमीजास्त करायचा, की डोळ्याला तो मंद किंवा प्रखर दिसतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये एलईडींची स्वतंत्र व्यवस्था २००६ पासून आहे, पण तिथे कितीतरी वर्षं असा दिवा म्हणजे तीन सुटे दिवे असंच धरलं जाई. लालची फाइल वेगळी, हिरव्याची वेगळी, निळ्याची वेगळी. रंग बदलायचा तर तीनदा लिहायचं, आणि मधल्या क्षणी भलताच रंग चमकून जायचा. त्या तिघांना एकच दिवा मानणारी चौकट ऑक्टोबर २०२० मध्ये ५.९ या आवृत्तीत आली. ती स्वीकारली जाण्याआधी तिच्या तीसहून अधिक आवृत्त्या चर्चेतून गेल्या. एका दिव्यासाठी एवढी चर्चा झाली याचं मला नवल वाटत नाही. उलट, आमच्या मीटिंगांमध्ये ती का होत नाही याचं वाटतं.

त्या चौकटीत रंग आणि उजेड वेगळे ठेवलेले आहेत. मल्टी_इंटेन्सिटी या फाइलीत तीन रंगांचं प्रमाण लिहायचं, ब्राइटनेस या फाइलीत एकूण उजेड. मग प्रत्येक रंगाचा वाटा म्हणजे त्याचं प्रमाण गुणिले ब्राइटनेस, भागिले कमाल ब्राइटनेस. शाळेतलं त्रैराशिक. समजा, पिवळ्यासाठी मी लाल २५५, हिरवा ८०, निळा ० असं प्रमाण घेतलं. कमाल २५५ पैकी ब्राइटनेस १२८ ठेवला तर लाल १२८ आणि हिरवा ४०, रंग शाबूत. आता रात्र झाली, झोपमोड होऊ नये म्हणून यंत्राने ब्राइटनेस २ वर आणला. लाल २ झाला. हिरव्याचा हिशेब ०.६३ येतो, पण आठ बिटांच्या पीडब्ल्यूएमला अपूर्णांक देता येत नाही. अपूर्णांक सोडून दिला तर हिरवा शून्य होतो आणि पिवळा दिवा लाल दिसतो. जवळच्या पूर्णांकाला नेला तर हिरवा १ होतो, म्हणजे लालच्या निम्मा, आणि पिवळा दिवा हिरवटाकडे सरकतो. हवा तीच आहे. ज्याची झोप जपायला उजेड उतरवला, त्याच्यापर्यंत निराळीच बातमी पोचते.

यावर उपाय आहेत. एलपी५०१२ सारख्या चिपमध्ये रंगाचं रजिस्टर वेगळं आणि उजेडाचं वेगळं असतं, आणि पीडब्ल्यूएम बारा बिटांचं असल्यामुळे मंद उजेडातही रंग टिकतो. पण जिथे पैशापैशाचा हिशेब असतो तिथे ही चिप नसते. दिव्याच्या तीन तारा थेट प्रोसेसरला जोडलेल्या असतात. मग रात्रीच्या पिवळ्याला कुठे झुकवायचं, हे मी ठरवते. लालकडे की हिरव्याकडे? दोन्ही खोटं आहे. पण दोन्ही खोटी सारखी नाहीत.

खरं तर डोळाही आधीच झुकलेला असतो. माणसाच्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड, म्हणजे पिवळसर हिरवा, सगळ्यांत प्रखर जाणवतो. लाल आणि हिरव्याला सारखाच आकडा दिला तर आपल्याला हवा तसा पिवळा येत नाही, हिरवट लिंबू येतो. म्हणून हिरव्याला दाबून धरावं लागतं. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटातून नमुन्याला आणलेल्या पट्टीवर जो आकडा सुरेख पिवळा दिसतो, तोच दुसऱ्या खेपेच्या मालावर हिरवट निघू शकतो. घाईच्या आठवड्यात हे कुणी तपासत नाही. तपासलं नाही, तर चूक पडते ती हिरव्याच्या पारड्यात.

हे मला एकेका ठिकाणी दिसत गेलं. मंडळाच्या कोष्टकात सहा रंग आहेत: गडद हिरवा, फिका हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी ‘गंभीर’ हवेसाठी गडद लाल. कागदावर आणि पडद्यावर हे सहाही ओळखू येतात. दिव्यात गडद लाल नावाचा रंग करताच येत नाही. उजेडात काळा मिसळता येत नाही. गडद लाल करायला गेलं की लालच मंद होतो. म्हणजे कोष्टक जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं तर हवा लाल टप्प्यातून ४५० च्या निर्देशांकावर गेली की दिवा मंदावणार. सगळ्यांत विषारी हवेत सगळ्यांत सौम्य दिवा. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा निर्देशांक ४९४ होता, आणि मंडळाची पट्टी ५०० ला संपते. त्या दिवशी अशा दिव्याने एखाद्या घराला काय सांगितलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मी शेवटच्या टप्प्यासाठी जांभळा घेते आणि तो संथपणे चालू-बंद करते. चालू-बंद अशासाठी, की ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही अशी माणसंही, विशेषतः पुरुष, प्रत्येक सोसायटीत असतात. रंग दिसला नाही तरी हालचाल दिसते.

दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट होते. फिका हिरवा आणि गडद हिरवा हे दिव्यात वेगळे ओळखू येत नाहीत; दुपारच्या उजेडात तर मुळीच नाही. म्हणजे ‘समाधानकारक’ टप्प्याला एक तर हिरव्यात घालायचं, नाही तर पिवळ्यात ढकलायचं. तिसरी जागा नाही. सगळेजण आपसूक हिरव्यात घालतात, कारण कागदावर हिरवा हा शब्द तिथे लिहिलेला आहे. मी तो टप्पा पिवळ्यात घेते. हिरवा फक्त ३० पर्यंत, मंडळाच्याच कोष्टकात ज्याला ‘चांगली’ म्हटलं आहे तिथपर्यंत. ५८ ला माझा दिवा पिवळा लागतो. अमेरिकेच्या हिशेबाने हे अजूनही सौम्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तर फारच. तरीही मी हे धरून आहे, कारण ज्या देशात यंत्र विकलं जातं तिथल्याच कोष्टकावरून ते सिद्ध करता येतं आणि मीटिंगमध्ये कुणी खोडून काढू शकत नाही. इथे मी तत्त्वाने वागते आहे की सोयीने, हे मला स्वतःला पुरतं उलगडलेलं नाही. टिकेल ते निवडायचं की योग्य ते, असा प्रश्न असताना मी टिकेल ते निवडलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच ते तत्त्व वाटायला लागणार नाही.

आणखी एक अडचण आहे. निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर चालतो आणि माझा दिवा या क्षणावर. फोडणी दिली की आकडा उसळतो, अर्ध्या तासाने खाली येतो. क्षणाच्या वाचनाला दिवसाचं कोष्टक लावणं शास्त्रशुद्ध नाही. म्हणून माहितीपुस्तिकेत ‘निर्देशांक’ हा शब्द वापरू नये असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

‘हिरवा’ म्हणजे नक्की कशाचा हिरवा, हाही गुंता आहे. यंत्रांवरच्या दिव्यांच्या रंगांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६००७३. लाल धोक्यासाठी, पिवळा सावधगिरीसाठी, हिरवा सुरळीत असल्याची खूण, पांढऱ्याला ठरावीक अर्थ नाही. त्यातच असंही सांगितलेलं आहे की रंगाचा अर्थ माणसाच्या सुरक्षिततेबद्दल असू शकतो, चाललेल्या प्रक्रियेबद्दल असू शकतो, किंवा यंत्राच्या स्थितीबद्दल. एअर प्युरिफायरवर हे तिन्ही अर्थ एकाच दिव्यावर येऊन बसतात. पंखा नीट फिरतो आहे म्हणून हिरवा? गाळणी बदलायची वेळ झालेली नाही म्हणून हिरवा? की तुम्ही श्वास घेतलात तर चालेल म्हणून हिरवा? यंत्राच्या तब्येतीचा हिरवा घरातली माणसं स्वतःच्या तब्येतीचा समजतात. त्यांनी तसं समजणं अगदी स्वाभाविक आहे.

या बाबतीत मी पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघाताबद्दल पुन्हा पुन्हा वाचते. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथली दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि मिटायच्या वेळी अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेच्या स्थितीशी जोडलेलाच नव्हता. तिला मिटण्याचा विजेचा आदेश गेला की तो विझत असे. चालकांनी विझलेला दिवा पाहिला आणि झडप मिटली असं धरलं. दोन तासांहून अधिक काळ गाभ्याभोवतीचं पाणी निसटत राहिलं आणि गाभ्याचा काही भाग वितळला. अपघाताला इतरही कारणं होती. पण तो दिवा बसवणाऱ्याने आदेश आणि स्थिती यांत भेद केला नाही, आणि पाहणाऱ्यांना तो भेद करायला काही साधन उरलं नाही.

हे माझ्या कामापासून लांब नाही. लिनक्समध्ये ब्राइटनेसची फाइल वाचली की कितीतरी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्रॅम, आधी लिहिलेला आकडाच परत देतात. चिपने तो खरोखर पाळला का, हे विचारण्याची सोय आहे, पण ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतः भरावी लागते. नाही भरली तरी काही अडत नाही, चाचण्या पास होतात. त्याहून वाईट म्हणजे दिव्याची स्वतंत्र चिप फार आज्ञाधारक असते. आयटूसी या जोडणीवरून तिला एकदा हिरवा सांगितला की ती तो धरून बसते. प्रोसेसर गोठला, सेन्सरची तार निखळली, तरी तिला पत्ता नसतो. मेलेल्या यंत्रावर हिरवा दिवा तासन् तास लागून राहू शकतो.

म्हणून माझ्या ड्रायव्हरमध्ये हिरवा टिकत नाही, तो सतत नव्याने मागावा लागतो. शेवटचं खरं वाचन काही सेकंदांपेक्षा जुनं झालं की दिवा पांढरा होतो. प्रोसेसर गोठला तर वॉचडॉग टायमर यंत्र पुन्हा सुरू करतो, आणि सुरू होतानाची पहिली कृती म्हणजे दिवा पांढरा करणं. ज्या लेसर सेन्सरवर आम्ही काम करतो, त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे की झोपेतून उठल्यावर स्थिर वाचन यायला किमान ३० सेकंद लागतात. ते ३० सेकंद यंत्राला हवेबद्दल काहीही ठाऊक नसतं. तेव्हाही पांढरा. एकाच रंगाचा दिवा असता तर हे सांगता आलं नसतं; तीन रंग हाताशी आहेत, तर त्यांतला एक मेळ ‘मला ठाऊक नाही’ यासाठी राखून ठेवणं मला कर्तव्य वाटतं.

पांढऱ्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. ग्राहक फोन करून विचारतील, यंत्र बिघडलं का? यंत्र चालू केल्याबरोबर त्याला काहीतरी चांगलं दिसायला हवं, असं म्हणणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर विक्रीची जबाबदारी होती आणि पांढऱ्या दिव्यामुळे परत आलेली यंत्रं त्याच्याच नावावर लागणार होती. मी त्याच्याशी भांडले, आणि रात्री घरी आल्यावर लक्षात आलं की त्याच्या म्हणण्यातलं अर्धं मला पटत होतं.

त्याचं कारण दुसऱ्या एका निवडीपाशी कळलं. सेन्सर प्रत्येक वाचनात पीएम २.५ चे दोन आकडे देतो, एक प्रमाणित कणांसाठी आणि एक वातावरणातल्या हवेसाठी. हवा साधारण असते तेव्हा दोन्ही सारखे. हवा बिघडत गेली की दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली राहतो. दुसरा घेण्याला कारण देता येतं, पहिला घेण्यालाही देता येतं. मी कारणं वाचत बसले होते तेव्हा मला स्पष्ट जाणवलं की माझं मन खालच्या आकड्याची कारणं जास्त सावकाश, जास्त मन लावून वाचतं आहे. तिथे समोर विक्रीविभाग नव्हता, बॉस नव्हता. दडपण बाहेरून येतं असं म्हणणं मला सोयीचं होतं. हिरवा मलाच हवा आहे.

का हवा आहे, याचा शोध घेणं जड गेलं. मी सांगली जिल्ह्यातली. इथे नोकरीसाठी आले, लग्नानंतर राहिले, मुलगी इथेच झाली. तिला या हवेत वाढवायचं हा निर्णय आम्हा दोघांचा आहे. परत जायच्या संधी आल्या होत्या. नोव्हेंबरात शाळा बंद होतात, ती घरात बसते, आणि तिच्या खोलीतला दिवा हिरवा झाला की मला सुटल्यासारखं वाटतं. त्या रंगाने मला सांगावं की तू केलंस ते ठीक केलंस, अशी माझी मागणी आहे. घरातल्या त्या दिव्याचं सॉफ्टवेअर माझं नाही. पण असंच सॉफ्टवेअर मी दुसऱ्या आयांसाठी लिहिते आणि त्यांची मागणी हीच असणार. त्यांना तोच दिलासा देण्याची ओढ दयाळूपणासारखी दिसते, म्हणून तिच्यापासून सावध राहणं अवघड आहे.

सगळे दोष हिरव्याकडेच झुकतात असं म्हणणंही प्रामाणिक नाही. जानेवारीच्या धुक्यात सेन्सर पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतो आणि आकडा वाढवून सांगतो. शिवाय जो दिवा सबंध हिवाळा लालच असतो, त्याच्याकडे माणसं बघायची थांबतात. मग तो खरा असून उपयोग काय? या आक्षेपाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. मी एवढंच केलं आहे की रंग बिघडताना लगेच बदलतो आणि सुधारताना थांबतो: आकडा सीमेच्या चांगला खाली जाऊन मिनिटभर तिथे राहिला, तरच पुढचा रंग. जिथे बारकावा दाखवता येत नाही, तिथे माप श्वास घेणाऱ्याकडे झुकावं, माझ्याकडे नको. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. धुक्याच्या दिवसात तो मला चुकीच्या बाजूला नेतो, हे ठाऊक असूनही.

आई दिवाळीनंतर मिरजेहून येते. तिचा दिवस खिडक्या उघडण्यापासून सुरू होतो. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती म्हणाली, “अगं, दिवा हिरवा झालाय बघ, आता खिडकी उघडते जरा. ऊन येऊ दे घरात.” खोली रात्रभर बंद होती म्हणून तर दिवा हिरवा होता. बाहेर काय आहे याबद्दल तो एक अक्षरही बोलत नव्हता. पण आईने त्याला परवानगी मानलं, आणि तिचं काय चुकलं? जन्मभर तिने हिरव्या सिग्नलचा अर्थ ‘जा’ असाच पाहिला आहे. दिवा बघून माणूस नुसता जाणून घेत नाही, पुढे काहीतरी करतो. मी रंग ठरवताना आकड्यांचा विचार करत होते. खिडकीच्या कडीवर ठेवलेल्या हाताचा केला नव्हता. या गोष्टीला ड्रायव्हरमध्ये इलाज नाही, निदान मला सापडलेला नाही.

अशा सकाळी खाली फाटकावर रखवालदार बसलेला असतो. प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यात सोसायट्यांना सूचना आहे की रखवालदार आणि सफाई कामगारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. सूचना योग्य आहे. तरी त्यात त्याच्या फुप्फुसांचा विचार शहराच्या हवेमार्गे येतो. त्याच्याजवळ दिवाही नाही, बंद खोलीही नाही. कुठलाही रंग त्याला उपयोगाचा नाही, कारण रंग पाहून करण्यासारखं त्याच्या हातात काही नाही.

पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची व्यवस्था उभी केली. तिचे मोठे एलईडी फलक रस्त्यावर लागले. तो फलक सगळ्यांना एकच बातमी सांगतो: बसची वाट पाहणाऱ्याला, रिक्षावाल्याला, गाडीच्या काचा वर करून बसलेल्यालाही. मी करते तो दिवा ज्याच्या घरात आहे त्यालाच सांगतो, आणि ‘तुझ्यापुरतं ठीक आहे’ एवढंच सांगतो. तो हिरवा दिसला की बाहेरच्या लालबद्दल ओरडण्याची निकड कमी होते. हे मी अंदाजाने म्हणत नाही, माझ्यातच ते घडलेलं आहे. मुलगी झाली त्या हिवाळ्यात मी सोसायटीच्या प्रत्येक सभेत कचरा जाळण्याबद्दल बोलत होते. प्युरिफायर आला, आणि पुढच्या हिवाळ्यात माझं बोलणं कमी झालं. हे काम सोडून द्यावं असं मला वाटत नाही. बंद खोलीत का होईना, एखाद्या लेकराला बरी हवा मिळते आणि त्या हवेबद्दल त्याच्या आईला खरं कळतं, याचं मोल आहे. पण सभांना पुन्हा जायला लागले आहे. आमच्या सोसायटीत यंदा हीटर आले.

कोडमध्येही एक गोष्ट सुरू केली आहे. रंगाच्या प्रत्येक सीमेवर कमेंट असते: आकडा कुठल्या कोष्टकातून घेतला, कुठल्या वर्षीच्या, तो निवडण्याची शिफारस कुणाची आणि मान्यता कुणाची. शिफारशीपुढे माझं नाव असतं. रिव्ह्यूमध्ये एकाने विचारलं की नावाची काय गरज. आकडा बदलायचा असेल तर कुणाशी बोलायचं ते कळावं, असं मी सांगितलं.

ती कमेंट मात्र ग्राहकाला दिसत नाही. कुठल्या आकड्याला कुठला रंग, पांढरा म्हणजे काय, आणि दिवा फक्त खोलीतल्या हवेबद्दल बोलतो, एवढं तरी यंत्रासोबत छापून जायला हवं, हिंदीत आणि जिथे माल जातो तिथल्या भाषेतही. माहितीपुस्तिकेत जागा नाही असं उत्तर आलं. खोक्याच्या झाकणाची आतली बाजू कोरी असते, तिथे छापता येईल, असं मी सुचवलं आहे आणि मजकूर तयार करून दिला आहे. छपाईच्या खर्चाचा आकडा मागवला आहे.